उभ्या गाडीचा काटा साठावर

मी एक जुना काटा आहे. लगेच तळपाय तपासू नका मित्रांनो, मी बाभळीचा काटा नाही. घड्याळाचा नाही आणि धान्य तोलायचाही नाही. मोटारसायकलच्या हँडलपाशी, गोल काचेच्या डबीत राहून जो गाडीचा वेग दाखवतो, तो मी. एके काळी माझा रंग लालभडक होता. आता उन्हानं उडून तो जुन्या सुकलेल्या मिरचीसारखा झाला आहे. आम्हा सगळ्या काट्यांना माणसांनी एकच नाव दिलं आणि त्यापायी वाशीमच्या रस्त्यावर केवढा घोळ झाला, ते सांगायला मी आज बसलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं आम्हाला एकच धडा शिकवला जाई. गाडी उभी असेल तर शून्यावर राहायचं, पळेल तर पळते तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. हा धडा मनात ठेवून मी शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात जगदेव नावाच्या शेतकऱ्याच्या दारी आलो. त्याच्या बायकोनं, तुळसाबाईनं, गाडीला हळदकुंकू वाहताना एक बोट माझ्या काचेवरही टेकवलं. गावची पोरं मला बघायला दाटी करत. जगदेवनं हौसेनं एकदाच मला साठापर्यंत नेलं होतं. तेव्हा तुळसाबाई मागं बसली होती. "मले इथंच उतरवा, मी पायी येतो," एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून जगदेवची गाडी कधी पस्तिसाच्या वर गेली नाही. बैलगाडीवाले मागून हाका मारत, तरी याला घाई नाही.

पुढं वाईट दिवस आले. एका शेळीनं गाडीवर चढून बाभळीचा पाला खायचा बेत केला. गाडी आडवी झाली, माझी काच फुटली आणि मला चाकाशी जोडणारी तार तुटली. गावचा मिस्त्री भागवत यानं काच झटपट चिकटणाऱ्या औषधानं बसवली. बसवताना त्याच्या अंगठ्यानं मला साठावर ढकललं आणि औषधाचा एक थेंब नेमका माझ्या बुडाशी पडला. झालं. मी साठावर चिकटलो तो चिकटलोच. भागवत म्हणाला, गाडी चालल्याशी मतलब, काट्याचं काय काम? जगदेवनंही मान डोलावली, वर साठ हा आकडा दिसायला बरा दिसतो म्हणाला.

मित्रांनो, खरं बोलायला जन्मलेल्यानं दिवसरात्र खोटं बोलत राहायचं, याचं दुःख तुम्हाला कसं सांगू? गाडी गोठ्यात उभी असे, तिच्या सीटवर कोंबडी बसलेली असे, आणि मी आपला साठावर. घरात कुणी नुसत्याच बाता मारू लागला, की तुळसाबाई म्हणे, "हा पाहा आपल्या गाडीचा काटा. उभ्या उभ्या साठ."

या घरात वैष्णवी नावाची मुलगी वाढत होती. तिला पोलीस व्हायचं होतं. रोज पहाटे ती गावाबाहेरच्या पांदीनं धावायला जाई. तिला पाहून गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत, आणि तीच पोरगी दुखण्याखुपण्यात औषध आणायला सगळ्यात आधी धावे. मागच्या भरतीत ती थोडक्यात हुकली होती. या वर्षी वाशीमला मैदानी चाचणी ठरली. दहाच्या आत फाटकातून आत गेलं नाही, तर वर्षाची मेहनत पाण्यात, असं तिनं बापाला चार वेळा बजावलं होतं.

जगदेवनं मात्र एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. जाता जाता हरभऱ्याचं एक पोतं शेलूबाजारात टाकू म्हणाला. घरच्या काट्यावर ते पोतं बासष्ट किलो भरलं होतं. बाजारात काटा केला, तर भरलं साठ. जगदेवनं व्यापाऱ्याशी वाद घातला, पोत्याला उलटंसुलटं करून पाहिलं, काट्याखाली वाकूनही पाहिलं. शेवटी वैष्णवीनं त्याला ओढून गाडीवर बसवलं. पण त्याचं मन काही त्या काट्यावरून उतरेना. सगळ्या वाटेनं तो हेल्मेटच्या आत पुटपुटत होता, बासष्टाचे साठ झालेच कसे?

वाशीमच्या अलीकडे एका गावाजवळ रस्त्यालगत शाळा आहे. तिथं चाळिसाची पाटी लावलेली आहे. आम्ही नेहमीच्या पस्तिसानं चाललो होतो. इतक्यात आमच्याच गावचा हरीओम नव्या गाडीवरून सुसाट आला, आम्हाला हात करून पुढं गेला. पुढं पोलिसांची गाडी उभी होती. त्यांच्या यंत्रानं साठाचा आकडा दाखवला, शिट्टी वाजली. हरीओमनं ती ऐकली की नाही देव जाणे, तो दिसेनासा झाला. जगदेव मात्र शाळेच्या गुरुजींनी शिट्टी मारली तरी जागच्या जागी उभा राहणारा माणूस. त्यानं गाडी नम्रपणे कडेला घेतली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच.

हवालदार उदयसिंग राठोड जवळ आले. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, अंगानं भरदार, मिशा पिळलेल्या, आणि आवाज असा की झाडावरचे पक्षी उडावेत. त्यांनी कागद मागितले. जगदेवनं पिशवीतून सगळे काढून दिले. एकही कमी नव्हता. हवालदारांचा चेहरा जरा उतरला. मग त्यांनी सरळ विचारलं, "काका, काटा कितीवर होता?"

आता सांगा मित्रांनो, सकाळपासून ज्याच्या डोक्यात एकच काटा फिरतो आहे, तो माणूस काय समजेल? जगदेवला वाटलं, देवच धावून आला. शेलूबाजारातला अन्याय पोलिसांच्या कानी आधीच गेला म्हणायचा.

"साठावर, साहेब," तो म्हणाला. "पण तो खोटा. घरून निघतानी बासष्ट होता. मी त बासष्टच म्हणतो, पाहिजे त लिहून घ्या."

उदयसिंगांच्या नोकरीत असा माणूस कधी भेटला नव्हता. लोक ऐंशीचे चाळीस करून सांगतात. कुणाची आई आजारी असते, कुणाच्या गाडीचा ब्रेक लागत नसतो. हा पहिलाच, जो स्वतःचा वेग वाढवून लिहून घ्या म्हणत होता. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मी साठावर होतोच. हातच्या काकणाला आरसा कशाला? ते म्हणाले, यंत्र साठ म्हणते, मालक साठ म्हणते, काटा बी साठ म्हणते, आता गाडी ठाण्यात लावा.

मला काचेत तोंड लपवावंसं वाटलं. पण लपवायला जागा कुठे होती?

 ठाण्यात गाडी लावायची, मग तिथून चाचणीचं मैदान गाठायचं, म्हणजे फाटक बंद होणार हे वैष्णवीला दिसत होतं. तिनं हवालदारांना भरतीचं सांगितलं, पुढं गेलेल्या गाडीचं सांगितलं. ते म्हणाले, पोरी, रोज मले हेच सांगतेत, पुढची गाडी होती. जगदेव मधेच म्हणाला की साहेब बरोबर बोलून राह्यले, आपला काटा बासष्टचाच. तिनं बापाकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला.

मग ती शांतपणे म्हणाली, "साहेब, ही गाडी साठनं पळते ना? मंग तिच्यासंगं माझी शर्यत लावा. समोरच्या बसथांब्यावरोक. मी हरली त गाडी लावा ठाण्यात."

शेजारच्या टपरीवरचे लोक चहाचे कप घेऊन उठले. उदयसिंगांना हसू आलं. पण काकांनी मुद्दाम हळू चालवली तर, अशी शंका त्यांना आली, म्हणून ते स्वतःच गाडीवर बसले. गाडी कण्हली. रस्त्याकडेच्या रिकाम्या कच्च्या पट्टीवर दोघं उभे राहिले, जोडीच्या शिपायानं शिट्टी वाजवली.

उदयसिंगांनी जोर लावून मूठ पिळली. धूर भरपूर निघाला, आवाज तर ट्रॅक्टरला लाजवील असा झाला, आणि गाडी आधी विचार करून मग निघाली. तोवर वैष्णवीची वेणी आमच्यापुढं चार हात उडत होती. पांदीतल्या साऱ्या पहाटा तिच्या पायांत उतरल्या होत्या. मी साठावर, हवालदारांचे डोळे माझ्यावर, आणि पोरगी पुढंच. ती थांब्याला हात लावून वळली, तेव्हा आम्ही अजून येत होतो. टपरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बोलता येत असतं तर मीही ओरडलो असतो.

उदयसिंगांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. तरी मी साठावरच. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं, मग कमरेच्या दंडुक्यानं काचेवर टक् केलं. पुन्हा जरा जोरात केलं. माझ्या बुडाचं वाळलेलं औषध तडकलं आणि मी सरसर खाली आलो.

शून्य.

गाडी उभी होती आणि मी शून्य म्हणालो. किती वर्षांनी खरं बोललो, मित्रांनो. 

धापा टाकत मागून आलेल्या जगदेवला उदयसिंगांनी विचारलं, "मंग काका, ते बासष्ट काय होतं?"

"हरभरा, साहेब."

 हवालदार असे हसले की त्यांची टोपी खाली पडली. टोपी उचलून त्यांनी कागद परत केले आणि ते म्हणाले, "पोरी, दम राखून ठेव. अन् काका, लवकर जा, पण हळू जा."

आम्ही तसंच केलं. शेवटच्या वळणावर गाडी बंद पडली, पण फाटक समोर दिसत होतं, आणि धावण्याच्या बाबतीत वैष्णवीला आता गाडीची गरज नव्हतीच. ती आत शिरली आणि मागं फाटक लागलं. त्या वर्षी तिची निवड झाली. गावातल्या ज्या बायका पदर लावत होत्या, त्यांनीच तिला ओवाळलं.

पहिल्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा तिनं भागवतला बोलावून माझी तार नवी घातली, काचही नवी बसवली. आता मी पुन्हा कामाला लागलो आहे. परवा अनसिंगच्या रस्त्यावर शिट्टी वाजली. जगदेवनं सवयीनं गाडी कडेला घेतली. समोर खाकीतली वैष्णवी उभी होती. तिनं सलाम केला नाही, हसलीही नाही. चेहरा कडक ठेवून तिनं विचारलं, "काका, काटा कितीवर हाय?"

 "थांबा बाई, पाहून सांगतो," जगदेव म्हणाला. त्यानं मान वाकवून माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला काही विचारलं होतं.

मित्रांनो, आम्ही लहान माणसं, म्हणजे लहान काटे. आमच्याकडे कुणी बघत नाही, मोडलो तर चिकटवून टाकतात. तुमच्या घरच्या गाडीत माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला खरं बोलता येतं का, तेवढं एकदा पाहा. आणि तो बोलला, तर त्याचं ऐका.

"शून्य," जगदेव म्हणाला. मग जरा थांबून पुढं म्हणाला, "अन् हरभरा यंदा घरीच मोजून इकला."