भिंतीवरचं लेबल

ओफेलियाच्या डिझाइन स्टुडिओत नोकरी मागायला आलेल्याने बोलायचं नसतं. आपली कामं भिंतीवर टाचायची, बाजूला उभं राहायचं आणि आम्ही ती सोलत असताना तोंड मिटून ऐकायचं. सरकारी विद्यापीठात आम्ही सगळेच असे सोलून निघालो आहोत. ब्युनोस आयर्समधला कुठलाही डिझायनर या भिंतीला टरकून असतो. ओफेलियाने तीच पद्धत स्टुडिओत आणली. मला ती कधीच आवडली नाही, आणि त्या दिवशी तर संतापच आला.

त्या दिवशी नोकरी मागायला आलेल्या माल्वीनाने शेवटचा कागद टाचला. व्हर्मूथ दारूच्या बाटलीचं लेबल. गेल्याच आठवड्यात हेच लेबल नाझारेना नावाच्या मुलीने इथे लावलं होतं. टाचता टाचताच ती म्हणाली होती, "नियम गेला खड्ड्यात. अक्षरं माझी, रंग आणि मांडणी माल्वीनाची. तिलाही बोलवा." नाझारेनाला आम्ही घेतलं. माल्वीनाला बोलावलं तेही तिच्याच शब्दावर, पण यातलं काही माल्वीनाला सांगायचं नाही, अशी ओफेलियाची ताकीद होती.

"काय अक्षरं आहेत!" ओफेलिया लेबलासमोर जाऊन म्हणाली. "असा हात असलेली मुलगी मला हवीच आहे."

"अक्षरांसाठीच घ्यावं हिला," स्टुडिओतल्याच एव्हारिस्तोने 'माते' चहाची नळी तोंडातून न काढताच री ओढली.

दोघेही लबाड! अक्षरं कोणाची हे ठाऊक असून मुद्दाम माल्वीनाला जोखत होते. बोल ना गं बये, मी मनात म्हणत होते.

बाकीच्या कामांची यथेच्छ चिरफाड झाली. मग ओफेलिया वळली. "आता बोल."

"तुमचे आभार," माल्वीना पुटपुटली.

"'तुमचे' काय म्हणतेस? म्हातारी करतेस का मला?"

माल्वीना एकेक कागद उतरवू लागली. ही तशीच जाणार, असं मला वाटलं. लेबलापाशी मात्र तिचा हात थांबला.

"ही अक्षरं माझी नाहीत," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "मैत्रिणीची आहेत. म्हणजे, मैत्रीण होती. याच लेबलावरून आमचं फाटलं. मी हट्टाला पेटले होते, सगळं माझंच म्हणून."

"मग आता का सांगितलंस? नोकरी तर मिळत होती," ओफेलियाने विचारलं.

"तुम्ही स्तुती करत होता ना, तेव्हा मला तिचाच हात दिसत होता."

मला राहवेना. ताकीद गेली चुलीत. "नाझारेना आली होती इथे," मी म्हणाले. "मांडणी तुझी आहे, तुला बोलवा, असं तीच म्हणाली."

माल्वीना माझ्याकडे वळली. "कधी म्हणाली? तुम्ही विचारल्यावर?"

"टाचतानाच. कोणी काही विचारायच्या आधी."

तिने ओंजळीत तोंड लपवलं. ओफेलिया खाकरली, बाईला लाज वाटल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सोमवारी ये," ती म्हणाली. "नाझारेनाच्या शेजारचं टेबल रिकामं आहे. चालेल?"

नोकरी हातात आली होती, तरी माल्वीनाने हो म्हटलं नाही. डोळे पुसून तिने फोन काढला.

"मला चालेल," ती म्हणाली. "तिला चालेल का, ते आधी विचारते."