पुलावरचा मुराळी

सांगलीत कृष्णेवर नवा उंच सिमेंटचा पूल झाला, त्यात खरा फायदा रिटायर फौजी नाथाजींचा होता. घर सांगलीवाडीत, सासुरवाडी पल्याड गावभागात. दर नागपंचमीला त्यांच्या पत्नी अनसूयाबाई माहेरी जायच्या, नदी चढायची, खालचा रस्ता पाण्यात, आणि बायको आठ दिवस तिकडंच. आता सकाळी जाईल, दिवेलागणीला परत. उद्घाटनाला नाथाजींनी टाळ्या अंमळ जोरातच वाजवल्या.

घोटाळा केला मेहुण्यानं. दादासोंनी बहिणीला फोन केला, "अक्का, आता पूल झालाय. पाच मिन्टाची वाट. तुझी तू ये."

अनसूयाबाईंनी फोन ठेवला. "मुराळ्याबिगर माहेरी जायला मी काय भाजी आणाय निघालेय? भाऊ न्यायला आला तरच जाणार."

म्हणजे बायको एक दिवससुद्धा जाणार नाही. फायदा आणखीच वाढला.

पंचमीच्या आदल्या दिवशी अनसूयाबाईंनी चहाचा एकच कप आणला.

"तुझा?"

"उपास हाय. भावाचा."

"ज्याच्यावर रुसलीस त्याचाच?"

"रुसवा माझा हाय, आयुष्य त्याचं हाय. आवं, दोन्ही एकात कालवू नका."

नाथाजींना चहा गोड लागेना. अंगणात जाऊन त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "दादासो, तुमच्यापायी हितं माणूस उपाशी बसलंय."

पलीकडून चपला शोधल्याचा आवाज. मग, "दाजी, निघालो."

"गुडघं दुखत्यात न्हवं? रिक्षा करा."

"रिक्षातनं आलो तर ती म्हणंल, पाच मिन्टात उरकलास."

नाथाजी बायकोला घेऊन पुलाच्या तोंडाशी उभे राहिले. समोरून दादासो दर दिव्याच्या खांबाला धरून थांबत, चढण चढत येत होते. डोक्याला फेटा, हातात पिशवी. ऐन उंचीवर ते कठड्याला टेकले, तशा अनसूयाबाई पदर खोचून पळाल्या.

"येड्या, असल्या गुडघ्यांनी कशाला आलास रं?"

"मुराळी हाय मी. चल."

"आणि तुला कोण नेणार?" तिनं त्याचा दंड धरला. पलीकडच्या उतारावर कोण कुणाला नेतंय, काही कळत नव्हतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आवं, ह्याचं गुडघं लय सुजल्यात. शेकाय पायजेत. राहू का चार दिस?"

"रहा की."

उपास बहिणीनं दिला, गुडघे भावानं दिले, आणि बायको नाथाजींनी. तीही स्वतः फोन करून.