बोर्डाच्या मागचं बटण

आमच्या घरात 'माझं चुकलं' असं कुणी म्हणत नाही. नवरा 'बघू' म्हणतो, दीर विषय बदलतो आणि मी सरळ भांडते. त्यामुळे सासूबाईंनी एका दुपारी, हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून, आम्हा सगळ्यांसमोर ते दोन शब्द उच्चारले तेव्हा मला वाटलं, मीच काहीतरी भलतं ऐकलं.

इमारत बांधून झाल्यावर आतून कशी दिसेल, याची चित्रं मी कॉम्प्युटरवर बनवते. म्हणजे बनवायचे. लेक झाली आणि 'वर्षभर थांबते' म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. शेवटी अर्ज करायला लागले तेव्हा पहिली अडचण माझ्या कॉम्प्युटरची निघाली. एक चित्र पूर्ण करायला तो नऊ तास घ्यायचा, आणि सातव्या तासाला तापून बंद पडायचा.

"नवा घ्या तयार," नवरा म्हणाला.

"तयार डबा घेतला तर आत काय भरलंय ते कोण बघणार?" सासूबाई म्हणाल्या. "आपण जोडू."

सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. फोन उचलून 'नमस्कार' म्हणणाऱ्या बायकांमध्ये नव्हे. मागच्या खोलीत, जिथे छतापर्यंत लोखंडी रॅक असायचे आणि त्यांत शेकडो सर्किट कार्डं खोचलेली असायची. कुठलं कार्ड मेलंय हे त्या आवाजावरून ओळखायच्या, असं त्या स्वतः सांगतात. मी नऊ वर्षं ते ऐकतेय आणि नऊ वर्षं मनातल्या मनात म्हणतेय, हो, हो, झालं.

दिराचं म्हणणं वेगळं होतं. तो मित्राकडच्या कॉम्प्युटरवर गाड्या पळवतो आणि माणसं मारतो, त्यामुळे त्याला सगळं कळतं. "वहिनी, सगळ्यात वेगवान प्रोसेसर घे. आणि सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो बोर्ड रंगीत दिव्यांचा."

"दिवे कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"छान दिसतं, आई."

"पेटी बंद केल्यावर?"

दिराने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर सासूबाई माझ्या खुर्चीत. मी एक चित्र बनवायला लावून भाजी आणायला गेले होते. चित्र बनताना पडद्यावर छोटे चौकोन भरत जातात. माझी त्याकडे बघायची सवय कधीच सुटली होती. सासूबाई हनुवटीखाली हात घेऊन एकटक बघत होत्या.

"चार जण काम करतायत," त्या म्हणाल्या.

"कोण चार?"

"हे बघ. एका वेळी चारच चौकोन हलतात. एक भरला की तो पुढचा उचलतो. कुणी कुणासाठी थांबत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "मग तुला एक पळणारा गडी कशाला हवा? बारा चालणारे घे."

मी वर्षानुवर्षं तेच चौकोन बघितले होते. कॉलेजात प्रोसेसरमधले हे गडी, म्हणजे कोअर, पाठ करून पेपरात लिहिलेही होते. आणि या बाईने तासाभरात नुसतं बघून ते ओळखलं. राग आला मला, खोटं कशाला बोलू. पण रागाच्या खाली कौतुकही होतं, आणि ते लपवायला मला जरा कष्ट पडले.

बोर्ड निवडायला दुकानात सासूबाई, दीर आणि मी गेलो. सासूबाईंनी पाच बोर्ड काउंटरवर मांडायला लावले. ज्या भागातून प्रोसेसरला वीज जाते, तिथे गार ठेवणारे धातूचे ठोकळे किती जाड आहेत हे त्यांनी बोटाने चाचपलं. "सगळे एकदम बोलायला लागले की एक्सचेंजही इथेच तापायचं," त्या दुकानदाराला म्हणाल्या. दुकानदार आधी हसत होता, मग हसायचा थांबला. मेमरीच्या पट्ट्यांना चार खाचा हव्यात, दोन नकोत. आज दोनच भरू, पण जागा असू दे. आणि शेवटी बोर्ड फिरवून त्यांनी मागच्या कडेचं एक पिटुकलं बटण दाखवलं.

"हे कशाला?"

"बोर्डाच्या आतला प्रोग्रॅम नवा करायला," दुकानदार म्हणाला. "प्रोसेसर बसवलेला नसला तरी चालतं. पण फारसं कुणी वापरत नाही. बिनबटणाचा स्वस्त पडेल, आजी."

"हाच द्या," सासूबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, न वापरायच्या बटणासाठी जास्त पैसे का? त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नवी यंत्रं आली तेव्हा सहा महिन्यांचं शिक्षण होतं, दुसऱ्या शहरात. मुलं लहान होती. मला कुणी जा म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. यंत्रं बदलली आणि मी जुन्या खोलीत राहिले, ती खोली बंद होईपर्यंत. ज्याला नंतर शिकवता येतं ना, तेच घ्यावं."

बोर्ड कपाटावर जाऊन बसला. बारा कोअरचा नवा प्रोसेसर बाजारात यायला महिना होता, तो आल्यावर घ्यायचा असं ठरलं.

आणि मग ज्या कामाची मी वाट बघत होते ते आलं. एका वाचनालयाच्या दालनाची पाच चित्रं, आठ दिवसांत, शनिवारी दुपारी बाराच्या आत. पसंत पडली तर नोकरी. मी दालन कॉम्प्युटरवर उभारलं, कपाटं, खिडक्या, टेबलं सगळं जागच्या जागी ठेवलं. आता फक्त चित्रं काढायची राहिली होती, आणि ती जुन्या कॉम्प्युटरवर निघणार नव्हती. बुधवारी प्रोसेसर आणला, गुरुवारी दुपारी जोडायला बसलो.

सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर पसरली. बांगड्या काढल्या, नळाच्या लोखंडी पाइपला हात लावून आल्या. "अंगातली वीज सोडून यायची, नाहीतर कार्ड जातं." प्रोसेसर त्यांनी कडांना धरून उचलला, कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवला आणि बोर्डावर नुसता ठेवला. दाबला नाही. सत्तरीच्या बाईचे हात, पण जरासुद्धा थरथर नाही. माझी लेक श्वास रोखून बघत होती आणि मीसुद्धा.

बाकीचंही जोडून झालं, मग चालू करायचं बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला. बोर्डावर प्रोसेसरच्या नावाशेजारी एक लाल दिवा लागला तो लागलाच.

पुन्हा जोडलं. पुन्हा काळा. मेमरी काढून घातली. काळा. घड्याळात चार वाजले होते, आणि माझा तोल गेला.

"तुमच्या एक्सचेंजला कुलूप लागून किती वर्षं झाली, आई? जग पुढे गेलंय! माझी सहा वर्षांनी आलेली एक संधी, ती तुमच्या हौसेपायी घालवायची का?"

नवरा 'बघू' म्हणायला तोंड उघडत होता, ते त्याने मिटलं.

सासूबाईंनी चष्मा पुसला. बोर्डाबरोबर आलेलं पुस्तक उघडलं, त्यातला वेबसाइटचा पत्ता दिराकडून फोनवर लावून घेतला आणि त्या बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरांच्या लांबलचक यादीवरून बोट फिरवत खाली गेल्या. मग स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच धरून म्हणाल्या, "माझं चुकलं."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"आमच्याकडे आधी रॅक उभा करायचे, मग कार्डं यायची. त्या सवयीने मी बोर्ड आधी घेऊन ठेवला. हा प्रोसेसर त्याच्यानंतर आला. जागा जुळते, पण आतला प्रोग्रॅम जुना, त्यामुळे बोर्ड त्याला ओळखतच नाही. जोडायच्या आधी ही यादी बघायला हवी होती. चूक माझी, बोर्डाची नाही."

"दुकानदार करून देईल," दीर म्हणाला. "आठवडा लागेल."

"मग बटण कशाला घेतलंय?"

नवा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला चालू कॉम्प्युटर हवा होता. नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह चालत नाही. उरला माझा जुना, तापणारा. सासूबाईंनी त्याची पेटी उघडली, समोर टेबलफॅन लावला. एकदा तो मधेच बंद पडला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून तो निवेपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्यांदा फाइल उतरली. जुन्याने नव्याला शिकवलं, एवढं एक काम त्याने शेवटी इमानाने केलं.

"आता वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला," पुस्तक वाचत त्या म्हणाल्या. लगेच नवऱ्याची इस्त्री बंद झाली, गीझर बंद झाला, आणि दिराला मेन स्विचकडे पाठ करून पहाऱ्याला उभं केलं. "कुणी आलं तरी हलायचं नाहीस."

"घंटी वाजली तर?"

"वाजू दे."

त्यांनी बटण दाबून धरलं. बारीक दिवा चार वेळा लुकलुकला आणि विझला. पेन ड्राइव्ह चुकीच्या खाचेत होता. खुणेची चौकट असलेली खाच दुसरी होती. तिथे लावून पुन्हा बटण दाबलं. या वेळी दिवा लुकलुकत राहिला. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत मी त्यांच्याकडे बघत होते. त्या दिव्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं. जवळ गेले तर त्या लुकलुकणं मोजत होत्या.

दिवा विझला. पेटी चालू केली. पडदा उजळला आणि त्यावर प्रोसेसरचं नाव आलं, अक्षर न् अक्षर बरोबर.

शुक्रवारी सकाळी मी पहिलं चित्र लावलं. पडद्यावर चौकोन हलायला लागले. लेकीने मोजले. चोवीस.

"बाराच घेतले होते ना?" मी म्हणाले.

"एकेकाला दोन हात असतील," सासूबाई म्हणाल्या. तेही बरोबरच होतं.

नऊ तासांचं चित्र पन्नास मिनिटांत झालं. शनिवारी दहा वाजता पाचही चित्रं रवाना झाली, मंगळवारी होकार आला. मी पत्र दोनदा वाचलं आणि सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या बोर्डाचा रिकामा खोका कापून त्यात स्क्रू ठेवायला कप्पे करत होत्या.

"आई, नोकरी मिळाली."

"मिळणारच होती."

मी दारातच उभी राहिले. भांडायला मला कधी शब्द कमी पडत नाहीत. "गुरुवारी मी जे बोलले... माझं चुकलं."

त्यांनी मान वर केली नाही. "ऐकू आलं नाही. एकतीस वर्षं एक्सचेंजच्या खडखडाटात कान गेलेत माझे. जरा मोठ्याने."

बाहेरच्या खोलीत नवरा होता, दीर होता. मी मोठ्याने म्हणाले. बाहेरचं बोलणं एकदम थांबलं.

सासूबाईंनी एक स्क्रू कप्प्यात टाकला. "बोर्ड घेताना जे बघितलं, तेच सून करताना बघितलं होतं मी," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं लागली, पण बटण सापडलं."