तिच्या बाजूची कडी

मित्रांनो, मी एक जुनी जर्मन मोटार आहे आणि सध्या विक्रीला आहे. माझ्या जाहिरातीत लिहिलंय, ‘उत्तम निगा राखलेली. कसलीही तक्रार नाही.’ माझे मालक खोटं लिहिणारे नाहीत. तरी ते वाक्य मला बोचतं.

कारखान्यात मला दोन दारं आणि कापडी छप्पर मिळालं. हे छप्पर पुढच्या काचेच्या वर दोन कड्यांनी अडकवलेलं असतं. एक कडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर, दुसरी शेजारच्याच्या. दोन्ही एकदम सोडाव्या लागतात, नाहीतर कापडावर ताण येतो. म्हणून मला उघडायला दोन माणसं लागतात.

मालक शिलाई मशीन दुरुस्त करायचे. भंगारात निघालेली मी त्यांनी घरी आणली, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, “घरात धड कपाट नाही आणि हे धूड आणलंत?” पण मी रस्त्यावर आले तेव्हा शेजारच्या सीटवर त्याच आधी बसल्या.

“अहो, माझ्या बाजूची कडी अडते,” त्या म्हणाल्या.

“जोर लाव.”

“जोर काय लाव? हात सोलवटला माझा.”

“बघतो,” मालक म्हणाले. बघायचं राहून गेलं.

पुढच्या खेपेपर्यंत बाईंनी स्वतःच काहीतरी युक्ती शोधली. मालक विचारायचे, “झालं का?” बाई म्हणायच्या, “केव्हाच. तुमचंच अडलंय.” कडीबद्दल त्या पुन्हा बोलल्या नाहीत. मालकांना वाटलं, कडी सुधारली.

माझी सेवा मात्र जोरात चालायची. तेल वेळेवर, सीटच्या चामड्याला मलम, चाकांच्या तारा जुन्या ब्रशने घासणं. शेजारी म्हणायचे, “निगा राखावी तर अशी.” चहा घेऊन आलेल्या बाई म्हणायच्या, “माझे गुडघेही करकरतात हो. उरलं तेल तर इकडे द्या.” मालक हसायचे. पोटात दुखतंय असं त्या म्हणाल्या, तेव्हाही मालक माझ्याखाली आडवे होते. “बघतो,” ते खालूनच म्हणाले. बाई पुन्हा बोलल्या नाहीत. मालक त्यांना दवाखान्यात घेऊन गेले तोवर फार उशीर झाला होता.

बाई गेल्या, त्यानंतर माझं छप्पर उघडलं नाही. तेल मात्र बदललं जात होतं.

मग मुलगी म्हणाली, “बाबा, आता माझ्याकडे राहायला या. पण तिथे गाडीला जागा नाही.” जाहिरात गेली. दातांचे एक डॉक्टर मला बघायला आले. खाली वाकून, बोट फिरवून खूश झाले. मग म्हणाले, “काका, छप्पर उघडून दाखवा. ते उघडत नसेल तर मला नको.”

मालकांनी आपली कडी सोडली आणि बसल्या जागेवरून दुसरीकडे हात लांबवला. कडी हलेना. त्यांनी पक्कड काढली.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “आई पकडीने उघडायची का?”

मालक उतरले, वळसा घालून आले आणि बाईंच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांचे गुडघे पुढे टेकले. वर पाहिलं, तर छपराच्या लोखंडी पट्टीवर तळहाताएवढा रंग झिजलेला. रोज पुसायचे ते मला, पण ही जागा फक्त इथे बसणाऱ्यालाच दिसते. त्यांनी तिथे तळहात ठेवून पट्टी वर रेटली. कडी अंगठ्याने सुटली.

एव्हाना डॉक्टर स्टिअरिंगपाशी येऊन बसले होते. “झालं का?” त्यांनी विचारलं.

मालकांनी तळहात पट्टीवरून काढला नाही.

“काका, झालं का?”

“झालं,” मुलगी म्हणाली.

छप्पर मागे गेलं. डॉक्टरांनी कडी निरखली. “ही वाकडी आहे की. तुमच्यासारख्या माणसाने अशी कशी राहू दिली?”

“माझ्या बाजूची नव्हती,” मालक म्हणाले.

डॉक्टर मला उद्या नेणार आहेत. आज संध्याकाळी मालकांनी ती कडी बदलली. शेजारी ठेवलेला चहा निवायच्या आत काम झालं. एवढंच काम होतं ते.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. चकाकणाऱ्या वस्तूला पुसणारा कुणीतरी मिळतोच. पण तुमच्या घरात कुणी एकदा तक्रार करून गप्प झालं असेल, तर दुखणं गेलं असं धरून चालू नका. खालून ‘बघतो’ म्हणू नका. उठा, वळसा घालून त्यांच्या बाजूला जा, आणि तिथे बसून वर बघा.