टाकीतली अल्कलिनिटी कुणी चढवली?

माझा पहिला संशय अझेवर, म्हणजे माझ्या आजीवर होता. घरात सोडा वापरणारी तीच, आणि टाकीच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे क्षारता, चढत होती. सोड्याशिवाय ती चढणार कशाने?

पपा मंगिस्ताऊला तेलविहिरीवर पाळीला गेले आणि आमची समुद्री टाकी पहिल्यांदाच माझ्या ताब्यात आली. अल्माटीपासून समुद्र कुठल्या कुठे, पण आमच्या बैठकीत प्रवाळं वाढतात! त्यांना अंगातली हाडं घडवायला पाण्यातली अल्कलिनिटी आणि कॅल्शियम लागतं. ते जेवढं खातील तेवढं आपण परत घालायचं. सकाळी सोड्याचं पाणी, संध्याकाळी कॅल्शियमचं. दोन्ही एकदम ओतलं की पाण्याचं ताक झालंच म्हणून समजा. हे सगळं मला तोंडपाठ. तरी पपा निघताना दारात म्हणालेच, "पाणी बिघडवलंस तर टाकी एलदोसला देऊन टाकीन."

एलदोस माझा आत्तेभाऊ. कॉलेजात आहे, आणि आमच्या टाकीकडे असा बघतो जशी मांजर दुधाकडे.

तर अझे.

"अझे, खरं सांग. टाकीत सोडा टाकतेस ना?"

"सोडा मी बाउर्साकच्या पिठात टाकते. तुझ्या माशांना बाउर्साक तळून देऊ का?"

"मग अल्कलिनिटी का चढतेय?"

"सत्तर वर्षांच्या बाईला चोर ठरवून झालं असेल, तर त्या पाण्यालाच विचार."

पण माझा संशय काही जाईना. मी सोड्याच्या पाण्याच्या बाटलीवर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली. मी ओतलं तेवढंच पाणी रेघेखाली गेलं, थेंबभरही जास्त नाही. मग मी कॅल्शियम मोजलं. तेही चढलेलं!

इथे माझं डोकं चाललं, आणि काय सुसाट चाललं! सोड्याने कॅल्शियम चढत नाही. दोन्ही चढलंय म्हणजे कुणी जास्त घालत नाहीये, कुणीतरी कमी खातंय. स्वयंपाक रोजच्याएवढाच आणि तरी दस्तरखानावर मांसही उरलं, बाउर्साकही उरले, तर पाहुणे कमी आलेत, दुसरं काय?

पण समोरून सगळी प्रवाळं टवटवीत दिसत होती. मी मोबाइल टाकी आणि भिंतीच्या फटीत सरकवून मागून फोटो काढला. आमचं सगळ्यात मोठं प्रवाळ, जांभळं, काळविटाच्या शिंगांसारखं, मागच्या बाजूने भादरलेलं होतं. पांढरी खुंटं, सरळ कापलेली.

मागची काच दर रविवारी एकच माणूस पुसतो. "तुझा हात पुरत नाही गं," असं म्हणून.

रविवारी तो आलाच, बाह्या सरसावून.

"एलदोस आगा, काच काय लख्ख पुसतोस! प्रवाळाची हजामतसुद्धा केलीस."

"मासे कुरतडत असतील."

"कात्री घेऊन?"

मी फोटो दाखवला. त्याचे कान लाल झाले.

"घेतले चार तुकडे. नवी टाकी लावलीय मी. आणि मी या घराचा झिएन आहे, लेकीचा मुलगा. भाच्याने आजोळी काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत, विसरलीस?"

"मागितलंस कधी?"

स्वयंपाकघरातून अझेचा आवाज आला, "आणि भाच्याचं मागणं तीनदाच असतं. तू मोटरसायकल नेलीस, शिकारी कुत्रीचं पिल्लू नेलंस, आजोबांचं खोगीर नेलंस. संपलं तुझं, बाळा."

एलदोस माझ्याजवळ सरकला. आवाज एकदम मधाळ, अकमरालची लाडाने अकोश झाले मी. "अकोश, मामाला सांग ना, प्रवाळ आजारी पडलं म्हणून. तू लहान, तुला कोण रागावणार?"

"म्हणजे मी पाणी बिघडवलं, आणि टाकी तुझ्या घरी?"

"मग काय झालं? तुला बघायला येऊ देईन की."

येऊ देईन! माझ्याच टाकीला! मी तिथल्या तिथे पपांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: सोडा, कॅल्शियम, फोटो, चार तुकडे. पलीकडे नुसता वारा घोंगावत होता. शेवटी प्रवाळ माझ्याच राखणीत कापलं गेलं होतं.

"एलदोस तिथेच आहे का?" पपांनी विचारलं.

"हो, मामा."

"तुकडे आज संध्याकाळपर्यंत परत आण. नीट आण, पाणी भरलेल्या डब्यात." मग मला, "अकमराल, सोड्याचं पाणी किती कमी केलंस?"

"थोडंसंच. एकदम निम्मं केलं तर प्रवाळांना झटका बसेल. उद्या मोजून आणखी बघते."

"आणि कॅल्शियम?"

"तेही त्याच प्रमाणात."

"तुकडे परत चिकटवल्यावर?"

"तेव्हा पुन्हा मोजणार. अंदाजाने काही घालणार नाही."

"मग मला कशाला फोन केलास?" पपा म्हणाले, आणि त्यांना कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.