तळातली पूड

झाकण लावायच्या आधी जरा ऐकून घ्या. मी पत्र्याचा डबा बोलतोय. माझ्या अंगावर बिस्किटांचं चित्र आहे, पण बिस्किटं माझ्यात जेमतेम आठवडाभर टिकली. माणसं रिकामा डबा टाकत नाहीत आणि वरचं चित्रही खरवडत नाहीत. मग येणारा-जाणारा आशेने मला उघडतो आणि तोंड वाकडं करतो.

खरं काम मला दिलं ते या घरच्या सुनेने. मागच्या तळ्यावर तिने साठ बदकं पाळली होती. कोपऱ्यावरचा खानावळवाला तिला म्हणाला होता, "वहिनी, तुमच्या बदकाच्या मांसाला चिखलाचा वास येतो. गिऱ्हाईक ताट परत पाठवतं. तेवढा वास घालवा, मग सगळी बदकं माझी." नवऱ्यानेही बजावलं होतं, या खेपेला जमलं नाही तर बदकं विकून टाकायची.

सून हट्टाला पेटली. ओवा, सुंठ, लसूण, मेथी, शेवग्याचा पाला, सगळं वाळवून, कुटून, चाळून तिने मला काठोकाठ भरलं. रोज सकाळी खाद्यात एक चमचा, असं दीड महिना. चरबी उतरते, वास जातो, असं तिने ऐकलं होतं. मला इतका अभिमान वाटला की बिस्किटांचं दुःख मी विसरलो.

पण सासूबाईंना खोकला होता. एका दुपारी सून तळ्यावर असताना त्यांनी चमचाभर पूड गरम पाण्यातून घेतली. आराम पडला. मग काय, रोजचंच झालं. खोकणाऱ्या शेजारणींनाही पुड्या जाऊ लागल्या. डबा उतरलेला सुनेला कळू नये म्हणून सासूबाई वर चाळलेला कोंडा भरायच्या. स्वतःसाठी मात्र लांब दांड्याच्या चमच्याने तळातलं काढायच्या.

आणि सून? ती रोज वरवरचं घ्यायची! अहो, डबा एकदा हलवावा, चमचा तळापर्यंत घालावा, हे कुणाला सुचेल तर शपथ. बदकं बिचारी कोंडा खात राहिली.

"आई, या पुडीचा रंग फिका का दिसतोय?" तिने एकदा विचारलंही.

"हवा लागली असेल गं," सासूबाई म्हणाल्या. सुनेने वास घेऊन पाहिला. वास तोच होता, कारण तो माझ्या पत्र्यात मुरला होता. तिला फसवण्यात मीही सामील झालो, याचीच जास्त चीड येते.

दीड महिन्याने खानावळवाल्याने एक बदक शिजवून चाखलं. "नाही वहिनी, तोच वास." तीन दिवसांनी व्यापाऱ्याची गाडी आली आणि तळं रिकामं झालं.

त्याच संध्याकाळी सुनेने मला उकिरड्यावर उपडं केलं. आधी कोंडा पडला, मग तळातली हिरवट पूड. ती पूड मुठीत घेऊन सून खालीच बसली.

दारातून सासूबाई ओरडल्या, "अगं टाकू नकोस, माझ्या खोकल्याला तेच तर..." आणि त्यांनी जीभ चावली.

सून भांडली नाही. उरलेली पूड गोळा करून तिने मला सासूबाईंच्या उशाशी ठेवलं. "घ्या आई. आता बदकांना लागणार नाही."

तेव्हापासून सासूबाईंनी मला हात लावलेला नाही. दिवसभर खोकतात आणि माझ्याकडे पाठ करून झोपतात. चार चमचे चांगली पूड माझ्यात नुसती पडून आहे. तुमच्या घरी असा एखादा डबा असेल, तर एकदा तळापर्यंत ढवळून बघा हो. आम्हाला वेळेवर बोलता येत नाही.