पंधरा दिवसांची दुरुस्ती

विद्यापीठाच्या त्या इमारतीत पीएच.डी. झालेले खरे डॉक्टर बावीस होते, पण "डॉक्टरांना बोलवा" असं कुणी म्हटलं की धावत यायचा तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. एकशे चाळीस कॉम्प्युटर आणि हा एकटा. अपडेट आलं की कुणाचा प्रिंटर रुसायचा, कुणाच्या अक्षरांचे चौकोन व्हायचे, आणि जो तो याच्याकडे असा बघायचा, जसं काही ते अपडेट यानेच घरी बसून लिहिलंय. अकरा वर्षं तो हे निस्तरत होता आणि अकरा वर्षं कंत्राटावर होता. दरवर्षी नवी सही, नवं ओळखपत्र, फोटो तेवढा जुना. सासरे दर रविवारी फोनवर नातवाची चौकशी करायच्या आधी विचारत, "काय जावईबापू, झालात का कायम?" तो म्हणे, "फाइल वर गेलीय." फाइल खरंच वर गेली होती. खोटं बोलायचं नाही हा त्याचा बाणा होता, आणि त्या बाण्याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाण्यातलं शिसं मोजायचं एक यंत्र होतं, सगळ्या आवारात तेवढं एकच. यंत्र ठणठणीत, पण ते ज्या प्रोग्रामवर चाले त्याच्या परवान्याची मुदत सहा वर्षांपूर्वीच संपलेली, आणि नवा परवाना द्यायला ती कंपनीच उरली नव्हती. तेव्हा विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, "कसं चालवता ते मला सांगू नका. चालवा." मग डॉक्टरने शक्कल लढवली. त्या कॉम्प्युटरची अपडेटच बंद करून टाकलं आणि चार ओळींची एक फाइल लिहिली. प्रोग्राम उघडला की तारीख सात वर्षं मागे जायची, बंद केला की आपोआप जागेवर यायची. प्रोग्राम बिचारा मुदत अजून बाकी आहे असं समजून मुकाट काम करायचा. मोजणाऱ्यालाही पत्ता लागत नसे, कारण प्रोग्राम सगळा पडदा व्यापून बसे आणि छापील कागदावर आकडे तेवढे येत. तारीख राही मूळ फाइलच्या पोटात, आणि तिथे बघायला जातंय कोण?

एक परीक्षक गेला. बाहेरून आलेला, कामाला चोख, त्याला दोष देता येत नाही. ज्या मुलीचा प्रबंध त्याच्याकडे तपासायला होता तिला शिपाई मंडळी मागून 'बाटलीवाली' म्हणत. चार वर्षं ती शहरातल्या नळांचं पाणी बाटल्यांत भरभरून आणत होती. बाप बस चालवायचा, घरात पुस्तक उघडणारी ती पहिलीच. दुसऱ्या एका कॉलेजने तिच्यासाठी शिकवायची जागा धरून ठेवली होती, जूनच्या आत पदवी हातात हवी एवढ्याच बोलीवर. परीक्षकाने तिच्या मूळ फाइली उघडल्या, तर एकूणएक तारखा सात वर्षांनी मागच्या. पहिल्या फाइलच्या दिवशी ही मुलगी शाळेत होती. त्याने स्वच्छ लिहून दिलं, की आकडे कुणातरी जुन्या विद्यार्थ्याचे उचललेले दिसतात. चौकशी समिती नेमली गेली.

त्याच दुपारी मॅडमनी डॉक्टरला बोलावून घेतलं. चहा मागवला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच चहा मिळतोय म्हटल्यावर त्याने सावध व्हायला हवं होतं. त्या म्हणाल्या, की सगळ्या आवारातले कॉम्प्युटर अपडेट करायचा हुकूम आहे, तेवढा खालचा एक राहिलाय, तो आजच करून टाका. मग म्हणाल्या, तुमची फाइल शिफारशीसाठी माझ्या टेबलावर आलीय, महिनाअखेर निकाल लावते. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या आणि मधे बिस्किट पुढे केलं.

न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. अपडेट केलं की चार ओळींची ती फाइल जाणार आणि घड्याळ नेटवर्कवरून बरोबर लागणार, कुणी बघायला आलंच तर सगळं स्वच्छ. नाही केलं तर सहा वर्षं मुदत संपलेल्या प्रोग्रामवर विभाग चालला हे बाहेर येणार, मॅडम अडकणार आणि त्यांच्याआधी तो. मुलीबद्दल त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग तो खाली गेला आणि अपडेट लावलं. पाऊण तास लागला.

समिती तिसऱ्या दिवशी आली. मुलीने सांगितलं, की पाणी मी आणलं, मोजलं मी, कॉम्प्युटरचंच घड्याळ चुकलं असेल. समितीचे अध्यक्ष म्हातारे आणि सज्जन होते. ते चष्मा वर करून पडद्याच्या कोपऱ्यात डोकावले, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. शितावरून भाताची परीक्षा करायची त्यांची उभ्या जन्माची सवय. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या डॉक्टरला विचारलं,

"हे घड्याळ बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, सर."

आता आहे; आधी होतं का, ते कुणी विचारलं नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. आपण खोटं बोललो नाही, हे डॉक्टरने लगेच मनाशी घोकून घेतलं. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. तिला वाटलं, काका जे आहे ते सांगतायत.

मग तीच म्हणाली, की माझ्या शेवटच्या चाळीस बाटल्या अजून फ्रिजमध्ये आहेत, तुमच्यासमोर पुन्हा मोजून दाखवते. आकडे जुळले तर माना. अध्यक्षांना हे पटलं. बाटलीतलं पाणी मोजण्यालायक राहतं सहा महिने, त्यातले पंधरा दिवस उरले होते. तेवढी मुदत मिळाली. मुलीचा चेहरा उजळला आणि डॉक्टर दारातून मागे सरला, कारण अपडेट झालेल्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम उघडणारच नव्हता.

नाहीच उघडला. आणि मग सुरू झाली ती दुरुस्ती. पहिल्या दिवशी त्याने केबल बदलली. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम काढून पुन्हा घातला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी यंत्राची ओळख नव्याने करून द्यायची खटपट केली, एकदा जुन्या पद्धतीने, एकदा नव्या. आठव्या दिवशी दुसरा कॉम्प्युटर आणून जोडला, तोही अपडेट झालेलाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत आहे हे ठाऊक असताना वळसा घालणाऱ्याला काय म्हणावं? अपडेट काढायचं आणि तारीख मागे न्यायची, एवढंच होतं. पण ते तिच्यासमोर करणं म्हणजे कबुलीजबाब देणं. प्रोग्राम चालायचा तर तारीख मागे, आणि तारीख मागे गेलेली दिसली की तिची सुटका, याचं वाटोळं.

ती रोज सकाळी नऊला येऊन शेजारच्या स्टुलावर बसायची. डबा आणायची, त्यातला अर्धा याच्यापुढे ठेवायची. नको म्हटलं तर ती कारण विचारील म्हणून तो खायचा. दहाव्या दिवशी तिने सरळ विचारलं,

"काका, आधी कसं चालत होतं हो हे?"

"जुनं होतं," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "त्याला जुनंच मानवत होतं."

"मग जुनंच परत घालता नाही येणार?"

"अपडेट काढायची परवानगी नाही आपल्याला."

हेही खरंच होतं. परवानगी नव्हती, कारण त्याने ती मागितलीच नव्हती. बाराव्या दिवशी संध्याकाळी तो मॅडमच्या दारापर्यंत गेला. आत जाऊन सांगावं, मी बोलणार आहे, काय करायचं ते करा. दारावरची पाटी त्याने दोनदा वाचली. आत कुणीतरी हसलं. कुणीतरी बसलंय आत, उद्या बघू, असं म्हणून तो मागे फिरला, आणि उद्या त्याने काही बघितलं नाही. भित्रा होता, दुसरं काय! त्याला बायको होती, मुलगा होता, सासरे होते, हे सगळं कबूल. बस चालवणाऱ्यालाही मुलगी होती.

सोळाव्या दिवशी तिने चाळीस बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. एकेक करून, बुचं वेगळी, बाटल्या वेगळ्या, धुऊन पालथ्या घातल्या, पुढच्या मुलांना लागतील म्हणून. समितीने तिच्यावर मेहेरबानी केली. प्रबंध स्वतःहून मागे घे, मग चोरीचा शेरा मारत नाही, म्हणाले. तिने अर्ज लिहून दिला. धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला गेली. निघताना ती डॉक्टरला भेटायला आली आणि म्हणाली, "तुमचाही वेळ गेला, काका."

पुढच्या सोमवारी मॅडमनी सांगून पाठवलं, नवी तुकडी येतेय, खालचं यंत्र सुरू हवं, कसं ते मला सांगू नका. तो खाली गेला. अपडेट काढलं, चार ओळी पुन्हा लिहिल्या. प्रोग्राम उघडला. दहा मिनिटंही लागली नाहीत.

महिनाअखेरीस तो कायम झाला. पत्र घेऊन घरी आला तेव्हा बायकोने ते आधी देवापुढे ठेवलं, मग आपल्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सासरे पहिल्यांदाच नुसतं 'जावईबापू' म्हणाले आणि त्यांनी थेट नातवाची चौकशी केली. पत्रामागे शिफारशीचे कागद जोडलेले होते. फोन ठेवल्यावर बायको एकेक उलटून बघत होती. शेवटच्या कागदाशी ती थांबली. तो हाताने लिहिलेला अर्ज होता, प्रबंध मागे घेण्याचा, त्यातला खालचा परिच्छेद कुणीतरी लाल शाईने अधोरेखित केलेला. तिने तो मोठ्याने वाचला:

"यंत्र सुरू व्हावं म्हणून आमच्या तंत्रज्ञ काकांनी पंधरा दिवस जिवाचं रान केलं. माझ्यासाठी एवढे कष्ट दुसऱ्या कुणी घेतले नाहीत. यात त्यांचा काहीही दोष नाही, याची कृपया नोंद व्हावी."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी नेमका हाच कागद जोडला होता, कामसू माणसाचा पुरावा म्हणून. ती म्हणाली, अकरा वर्षांत तुमच्याबद्दल असं कुणी लिहिलं नव्हतं, गुणाची पोर दिसतेय. तिने वरचा भाग वाचला नव्हता, लाल रेघेवरच तिची नजर होती. मग कागदाची घडी घालत तिने विचारलं,

"झालं का हो मग तिचं काम?"

"झालं," तो म्हणाला.